पाठ केलेल्या युक्तिवादामागचा मास्तर

प्रश्न असा आला होता: "बी.ए.ला तत्त्वज्ञान होतं तेव्हा सेंट अ‍ॅन्सेल्मचा सत्ताशास्त्रीय युक्तिवाद दहा मार्कांसाठी पाठ केला. आता सेटच्या, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षेच्या, तयारीत तो पुन्हा समोर आलाय. पुस्तकात त्याची ओळख एका ओळीत उरकली आहे: बेनेडिक्टाइन संन्यासी, धर्मगुरू, शिक्षक, ईशज्ञानी. यातला तो नेमका कोण? आणि त्याचा युक्तिवाद मला शब्दांची कसरत का वाटतो?"

मी हा युक्तिवाद, म्हणजे देव आहे हे निव्वळ विचाराने सिद्ध करायचा प्रयत्न, सत्तावीस वर्षं शिकवला. त्यातली पहिली सात-आठ वर्षं वाईट शिकवला, हे आधीच कबूल करतो. फळ्यावर दोन विधानं, खाली निष्कर्ष, मग अठराव्या शतकातल्या जर्मन तत्त्वज्ञ कांटचा आक्षेप, मग घंटा. मुलं उतरवून घ्यायची आणि परीक्षेनंतर विसरायची. पुढे अ‍ॅन्सेल्मचं जुनं चरित्र आणि त्याची पत्रं वाचायला घेतली तेव्हा माझी चूक कळली. या माणसाच्या लेखनातला मोठा भाग कुणीतरी शिष्याने काहीतरी विचारलं म्हणून झालेला आहे. वर्गात आधी चर्चा, मग शिष्यांची भुणभुण की लिहून द्या, मग पुस्तक. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: आधी मास्तर. त्याची थिऑलॉजी, म्हणजे ईशज्ञान, त्या मास्तरकीतून आली. धर्मगुरूपणातलं मोठं पद, कँटरबरीचं आर्चबिशपपद, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधलं सर्वांत मोठं पद, त्याच्या गळ्यात जबरदस्तीने पडलं.

ते जुनं चरित्र लिहिलं ईडमर नावाच्या कँटरबरीच्या संन्याशाने. शेवटची सोळा वर्षं तो अ‍ॅन्सेल्मच्या सोबत सावलीसारखा होता आणि गुपचूप टिपणं काढत होता. अ‍ॅन्सेल्मला पत्ता लागला. आधी त्याने काही ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या, नंतर मात्र सगळं नष्ट कर म्हणून आज्ञा केली. आज्ञापालन हे तर व्रतच. ईडमरने काय करावं? सगळा मजकूर दुसऱ्या पानांवर उतरवला आणि मग मूळ पानं नष्ट केली. आज्ञाही पाळली आणि पुस्तकही वाचलं! शेवटी वाचकांना विनंती केली की या माझ्या पापासाठी प्रार्थना करा. पुढे मी जे सांगतोय त्यातलं बरंचसं या पापातून आलेलं आहे.

अ‍ॅन्सेल्मचा जन्म १०३३ सालचा, आल्प्सच्या कुशीतल्या आओस्ता गावचा. वर डोंगरमाथ्यावर देवाचा दरबार भरतो असं आईच्या बोलण्यातून पोराच्या डोक्यात बसलं होतं, आणि आओस्ताभोवती तर जिकडे पाहावं तिकडे डोंगर. एका रात्री स्वप्नात तो चढून गेला. पायथ्याशी राजाच्या दासी पीक कापत होत्या, पण हात चालत नव्हते, नुसता आळस. याने ठरवलं, वर जाऊन राजाला सांगायचं. वर पाहतो तर राजा आणि त्याचा कारभारी दोघेच, बाकी सगळे सुगीला गेलेले. देवाने त्याला पायाशी बसवून नाव-गाव विचारलं आणि कारभाऱ्याकडून पांढराशुभ्र पाव आणवून खायला दिला. सकाळी उठून पोरगं सगळ्यांना सांगत सुटलं की मी स्वर्गात जेवून आलो. हे स्वप्न मला फार आवडतं. पुढचा सगळा अ‍ॅन्सेल्म त्यात आहे: वर चढून जायचं, समोरासमोर बसायचं, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची.

पंधराव्या वर्षी संन्यास घ्यायला निघाला तर बापाच्या भीतीने मठाधिपतीने घेतलं नाही. मग आई गेली आणि बापाशी पटेना. घर सोडून, एका सोबत्याला घेऊन तो आल्प्स ओलांडून फ्रान्सकडे उतरला. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे फिरून १०५९च्या सुमाराला नॉर्मंडीतल्या बेकच्या मठात पोचला, कारण तिथे लॅनफ्रँक नावाचा नामांकित शिक्षक शिकवत होता. बेक म्हणजे फार काही नव्हतं. घोड्यावरची नोकरी सोडलेला हर्लुइन नावाचा सरदार, त्याने ओढ्याकाठी काढलेला साधा मठ. हा हर्लुइन चाळिशीच्या आसपास अक्षरं गिरवायला शिकला. पण लॅनफ्रँकमुळे दूरदूरची पोरं तिथे येऊ लागली होती.

आता इथे गंमत बघा. बाप वारला, वारसा हाती आला, आणि अ‍ॅन्सेल्म विचार करू लागला की संन्यास घ्यायचा तर कुठे. क्लूनीच्या प्रसिद्ध मठात गेलो तर तिथल्या उपासनेच्या कडक वेळापत्रकात शिकलेलं सगळं वाया जाईल. बेकला राहिलो तर लॅनफ्रँकपुढे आपल्याला कोण विचारतो? हा हिशोब मनात मांडला आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली: देवासाठी सगळं सोडायला निघालोय आणि डोक्यात चाललंय ते आपला दिवा कुठे जास्त पेटेल हे. शेवटी लॅनफ्रँकलाच विचारलं. तो त्याला घेऊन रूआँच्या आर्चबिशपकडे सल्ल्याला निघाला. वाटेत रान होतं. ईडमर लिहितो, त्या क्षणी लॅनफ्रँक जर म्हणाला असता की 'या रानातच जन्मभर राहा', तर अ‍ॅन्सेल्म राहिला असता. १०६० साली, सत्ताविसाव्या वर्षी, तो बेकचा संन्यासी झाला.

बेनेडिक्टाइन म्हणजे काय, हे दोन वाक्यांत. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने मठात राहणाऱ्यांसाठी ७३ लहान प्रकरणांची नियमावली लिहिली. ती मानणारे ते बेनेडिक्टाइन. व्रतं तीन: आज्ञापालन, जगणं बदलत राहणं, आणि स्थैर्य, म्हणजे ज्या मठात शिरलास तिथेच मरेपर्यंत राहायचं. या तिसऱ्या व्रताकडे परीक्षार्थी लक्ष देत नाहीत, पण अ‍ॅन्सेल्म कळायला ते महत्त्वाचं आहे. आपल्याकडे शिक्षकाची वर्षाला नवी तुकडी असते. त्याच्यापुढे मात्र तीच माणसं दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं. प्रार्थनेला तीच, जेवायला तीच, आजारी पडली की शुश्रूषेला हाच. एक वृद्ध संन्यासी लुळा पडला होता, त्याला काही गिळवेना. अ‍ॅन्सेल्म हातात द्राक्षं चुरडून दुसऱ्या तळहातावर रस धरायचा आणि तो त्याला पाजायचा. तो बेकमध्ये तीन वर्षं साधा संन्यासी, मग १०६३मध्ये लॅनफ्रँक काँ गावच्या मठात गेल्यावर पंधरा वर्षं प्रायर, म्हणजे मठाधिपतीच्या खालोखालचा, आणि त्यानंतर पंधरा वर्षं मठाधिपती होता. एकूण तेहतीस.

मठांत लहान मुलंही असत. आईबापांनी देवाला वाहिलेली, आपल्याकडे पूर्वी मूल देवाला सोडत तशी. त्यांना वळण लावायचं साधन म्हणजे उपास आणि छडी. खुद्द नियमावलीचं तिसावं प्रकरण त्याला परवानगी देतं. एकदा दुसऱ्या मठाचा एक मठाधिपती, मोठा धार्मिक म्हणून नावाजलेला, अ‍ॅन्सेल्मपाशी रडगाणं घेऊन आला. या पोरांचं करावं काय? रात्रंदिवस मारतो तरी बिघडतच चालली आहेत.

अ‍ॅन्सेल्मने विचारलं, मोठी झाल्यावर कशी निघतात?

मठ्ठ, जनावरांसारखी.

म्हणजे माणसांची जनावरं करायला तुम्ही बराच खर्च केलात म्हणायचा. बरं, मला सांगा, तुमच्या बागेत तुम्ही रोप लावलंत आणि चहूबाजूंनी असं कोंडून टाकलंत की एक फांदी हलायला जागा नाही. काही वर्षांनी मोकळं केलंत तर कसं झाड मिळेल?

निरुपयोगी. फांद्या वाकड्या, एकमेकींत गुंतलेल्या.

आणि दोष कुणाचा?

पुढे तो सोनाराचं उदाहरण देतो. पत्र्यावर सुंदर मूर्ती उठवायची तर सोनार नुसते घाव घालतो का? एकदा हलके दाबतो, एकदा ठोकतो, त्याहून जास्त वेळा हळूच उचलून आकार देतो. ईडमर म्हणतो, मठाधिपतीने पायावर लोटांगण घातलं. लोटांगणाचं मला ठाऊक नाही, चरित्रकार भक्त असला की लोटांगणं वाढतात. पण अकराव्या शतकातला हा संवाद मी बी.एड. करणाऱ्या दोन-तीन विद्यार्थ्यांना झेरॉक्स काढून दिला होता.

आता लगेच त्याला आधुनिक बालशिक्षणतज्ज्ञ करून टाकू नका. ओस्बर्न नावाचा एक पोरसवदा संन्यासी होता, बुद्धीने तल्लख, हाताने कुशल, स्वभावाने विखारी. अ‍ॅन्सेल्म एवढ्या लवकर प्रायर झाला याचा त्याला राग. अ‍ॅन्सेल्मने आधी त्याचे लाड केले, नियमांत जितकी सूट बसेल तितकी दिली. पोरगा जवळ आला, विश्वासला. मग एकेक सूट काढून घेतली. आणि पुढे काही वावगं कळलं तर शब्दांनीच नव्हे, मारानेही शिक्षा केली. ईडमर हे लपवत नाही. ओस्बर्न आजारी पडला तेव्हा अ‍ॅन्सेल्म रात्रंदिवस उशाशी बसला, स्वतः भरवलं. तो गेल्यावर वर्षभर रोज त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, केला, आणि ओळखीच्या माणसांना पत्रं लिहून त्याच्यासाठी प्रार्थना मागितली. आणखी एक कबुली त्याच्या एका पत्रात सापडते: लहान पोरांकडून शब्द चालवून घेण्याचा मला नेहमीच कंटाळा होता. 'देवः देवौ देवाः' ज्यांनी घोकून घेतलंय त्या संस्कृतच्या शिक्षकांना हे वाक्य काळजाला भिडेल.

आता तुमच्या युक्तिवादाकडे येऊ.

१०७६च्या सुमाराला शिष्यांनी मागणी केली की देवाबद्दल जे आपण बोलतो ते लिहून द्या, पण अट अशी की एकही मुद्दा 'बायबलमध्ये लिहिलंय म्हणून' सिद्ध करायचा नाही, सगळं बुद्धीने. त्यातून 'मोनोलॉगियन' झालं. गुरू लॅनफ्रँकला पाठवलं, तर तो नाराज: आधार कुठे आहेत, ग्रंथप्रामाण्य कुठे आहे? अ‍ॅन्सेल्मने नम्र उत्तर दिलं आणि पुस्तक तसंच ठेवलं.

पण त्यात युक्तिवादांची लांबलचक साखळी होती आणि त्याला ते खुपत होतं. सगळं एकाच युक्तिवादात मावेल का, दुसऱ्या कशाच्या आधाराविना? या विचाराने जेवण सुटलं, झोप उडाली. सगळ्यांत वाईट म्हणजे प्रार्थनेत लक्ष लागेना, तेव्हा हा सैतानाचा डाव तर नाही ना असं वाटून त्याने तो विचार झटकून टाकायचा प्रयत्न केला. जितका झटकला तितका तो चिकटला. आणि एका रात्री, पहाटेपूर्वीच्या उपासनेत उभा असताना, उत्तर सापडलं.

ते त्याने मेणाच्या पाट्यांवर लिहिलं. आपल्याकडे धूळपाटी होती तशी तिकडे लाकडी चौकटीत मेण भरलेली पाटी. टोकदार काडीने लिहायचं, नको असेल तर सपाट करायचं. पाट्या एका संन्याशाकडे जपायला दिल्या. काही दिवसांनी मागितल्या तर गायब. पुन्हा लिहिलं, दुसऱ्याकडे दिलं, त्याने बिछान्याजवळ अगदी आडोशाला ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाट्या जमिनीवर फुटलेल्या आणि मेण इतस्ततः विखुरलेलं. अ‍ॅन्सेल्मने ते तुकडे गोळा करून कसेबसे जुळवले, आणि या वेळी शहाणपणाने चर्मपत्रावर उतरवून घेतलं. १०७७-७८चं हे 'प्रोस्लॉगियन'. आपण दहा मार्कांसाठी जे पाठ करतो ते एकदा मठाच्या फरशीवरून वेचून घेतलेलं आहे.

युक्तिवाद थोडक्यात: देव म्हणजे 'ज्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही असं'. बायबलमधल्या एका स्तोत्रातला मूर्ख मनात म्हणतो की देव नाही. पण हे शब्द ऐकून त्याला अर्थ कळतो, म्हणजे ते निदान त्याच्या मनात आहे. आता ते फक्त मनातच असेल, तर त्याहून मोठं काही कल्पिता येईल: तेच, पण प्रत्यक्षातही असलेलं. मग ते 'ज्याहून मोठं कल्पिता येत नाही' असं उरलंच नाही. म्हणून ते प्रत्यक्षातही असलं पाहिजे.

शब्दांची कसरत वाटते ती यामुळे की पाठ्यपुस्तकाने दुसऱ्या प्रकरणातला एक परिच्छेद कात्रीने कापून तुमच्यापुढे ठेवला. मूळ पुस्तकात पहिलं प्रकरण आख्खं प्रार्थना आहे, आणि युक्तिवादही देवालाच 'तू' म्हणून ऐकवलेला आहे. पुस्तकाचं आधीचं नाव होतं 'समज शोधणारी श्रद्धा'. ज्यांची श्रद्धा आधीच आहे, जे रात्री उठून सोबत उभे राहतात, त्यांना तो म्हणतो आहे: जे मानता ते समजून घ्यायचा प्रयत्न करा. आपल्याकडच्या उदयनाचार्यांशी तुलना करून बघा. अ‍ॅन्सेल्मच्या शंभरएक वर्षं आधी मिथिलेत त्यांनी ईश्वरसिद्धीसाठी जो युक्तिवाद लढवला तो जगापासून सुरू होतो: कार्य आहे तर कर्ता हवा, घट आहे तर कुंभार हवा. अ‍ॅन्सेल्म जगाकडे बघतच नाही. डोळे मिटून, उच्चारलेल्या शब्दाच्या अर्थापासून निघतो. म्हणूनच तो एवढा हलका वाटतो आणि म्हणूनच हातातून निसटतो.

माझ्या वर्गात एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, माझ्या मनात असा टू-बीएचके आहे की त्याहून भारी फ्लॅट मुंबईत कल्पिताच येत नाही. मग तो आहेच म्हणायचा ना? चावी कुठे मिळेल?" वर्ग हसला. मी त्याला म्हटलं, तुझ्याआधी नऊशे वर्षांपूर्वी हे एका संन्याशाने विचारून ठेवलंय. मार्मूतिएच्या मठातला गॉनिलो. त्याने 'मूर्खाच्या वतीने' उत्तर लिहिलं: समुद्रात हरवलेलं एक बेट आहे, सगळ्या बेटांहून उत्तम, असं मला कुणी सांगितलं आणि मला ते समजलं, म्हणून ते बेट आहेच असं कसं?

अ‍ॅन्सेल्मने काय केलं यात त्याची सगळी मास्तरकी दिसते. त्याने उत्तर लिहिलं, त्यात थट्टाही केली: माझा युक्तिवाद 'ज्याहून मोठं कल्पिता येत नाही' त्याखेरीज दुसऱ्या कशाला लावून दाखवा, मी ते हरवलेलं बेट शोधून तुम्हाला बहाल करीन, पुन्हा हरवणार नाही असं. आणि मग सांगितलं की यापुढे माझ्या पुस्तकाची नक्कल करताना गॉनिलोचा आक्षेप आणि माझं उत्तर दोन्ही त्याला जोडूनच उतरवायचं. आपल्या पुस्तकाच्या पाठीला आपल्यावरचा सर्वांत धारदार आक्षेप कायमचा बांधून देणारे लेखक मी फार पाहिलेले नाहीत. आमच्या विद्यापीठीय जगात तर आक्षेप घेणाऱ्याला पुढच्या चर्चासत्राचं बोलावणंसुद्धा जात नाही.

युक्तिवाद टिकतो का? माझं मत विचाराल तर पुरावा म्हणून नाही. थॉमस अक्वायनसने तो तेराव्या शतकातच नाकारला, सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने वेगळ्या रूपात परत आणला, कांटने 'अस्तित्व हे विधेय नव्हे' (म्हणजे 'आहे' म्हटल्याने वस्तूच्या वर्णनात काही भर पडत नाही) म्हणून कापला आणि 'सत्ताशास्त्रीय' हे नाव त्याला चिकटवलं. अ‍ॅन्सेल्मला ते नाव माहीतही नव्हतं. पण चूक नेमकी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा म्हटलं की अजूनही दोन प्राध्यापकांचं एकमत होत नाही. सेटच्या दृष्टीने सांगतो: दुसरं आणि तिसरं प्रकरण वेगळं वाचा. तिसऱ्यात 'ज्याचं नसणं कल्पिताच येत नाही' हा निराळा मुद्दा आहे, आणि प्रश्न काढणाऱ्यांना तो आवडतो. सगळं पुस्तक २६ छोट्या प्रकरणांचं आहे. गॉनिलोसकट एका दुपारी संपतं. गाइड बाजूला ठेवा.

बाकीचं आयुष्य मी भरभर सांगतो, कारण त्यात राजकारण फार आहे. लॅनफ्रँक कँटरबरीचा आर्चबिशप होऊन १०८९मध्ये वारला. इंग्लंडचा राजा विल्यम रूफस याने चार वर्षं ती जागा रिकामी ठेवून तिचं उत्पन्न खाल्लं. १०९३मध्ये राजा मरणासन्न झाला, घाबरला, आणि तिथे आलेल्या अ‍ॅन्सेल्मला ते पद द्यायचं ठरलं. हा घेईना. बिशपांनी त्याला ओढत राजाच्या पलंगाशी नेलं, मूठ उघडायचा प्रयत्न केला, उघडेना तेव्हा मिटलेल्या मुठीवरच धर्मदंड दाबून धरला. म्हातारी मेंढी आणि माजलेला बैल एका जुवाला जुंपताय, असं तो म्हणाला. बैल बरा झाला आणि भांडणं सुरू झाली. पोपशी निष्ठा, चर्चच्या जमिनी, बिशपांना पदाची खूण असलेले धर्मदंड आणि अंगठी कोण देणार, राजा की चर्च. दोनदा परागंदा व्हावं लागलं, आधी या राजाच्या आणि मग पहिल्या हेन्रीच्या काळात. ११०७मध्ये तडजोड झाली. मधे ११०२च्या वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेत माणसं जनावरांसारखी विकण्याच्या धंद्यावर बंदी घातली गेली, हे मात्र भरभर सांगण्यासारखं नाही.

कारभारात त्याचा जीव रमला नाही. दाव्या-खटल्यांच्या बैठकीत त्याचा चेहरा पडायचा, तब्येत बिघडायची. सोबतचे लोक मग त्याला बाजूला घेऊन एखादा धर्मग्रंथातला अवघड प्रश्न घालायचे, की हा पुन्हा ताजातवाना. तो स्वतःला घुबड म्हणायचा: ढोलीत पिल्लांजवळ असेतो सुखी, बाहेर कावळ्यांत सापडलं की टोचा खायच्या. पंचतंत्रातलं कावळे-घुबडांच्या वैराचं काकोलूकीय त्याने वाचलेलं असण्याचा संभव नाही, पण घुबडाची बाजू इतकी आपुलकीने मांडणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही. एकदा प्रवासात शिकारी कुत्र्यांनी पिटाळलेला ससा त्याच्या घोड्याच्या पायांत येऊन लपला. सोबतचे हसले, हा रडला. मरताना जिवाचं असंच होतं, म्हणाला, आणि कुत्री आवरायला लावून ससा सोडून दिला.

आणि याच धामधुमीत, पहिल्या हद्दपारीत, कापुआजवळच्या डोंगरातल्या एका खेड्यात १०९८मध्ये त्याने 'देव माणूस का झाला' हा ग्रंथ पुरा केला. हासुद्धा संवाद. समोर बेकचा जुना शिष्य बोसो, जो सोपं उत्तर मान्यच करत नाही. देवाला हे सगळं नुसत्या इच्छेने करता आलं नसतं का, असं श्रद्धाहीनांच्या वतीने तो पुनःपुन्हा विचारतो. मुळात बोसो कूटप्रश्नांनी हैराण होऊन बेकला आला होता, आणि पुढे तोच तिथला मठाधिपती झाला.

१७२०मध्ये पोपने त्याला चर्चचा आचार्य ठरवलं. रोममध्ये बेनेडिक्टाइनांचं जे विद्यापीठ आहे त्याला त्याचंच नाव आहे.

१११० पाहायला तो उरला नाही. ११०९च्या वसंतात इतका अशक्त झाला की उपासनेला त्याला उचलून नेत. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, भोवती बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, बाबा, आम्हाला दिसतंय की ईस्टरला तुम्ही आपल्या प्रभूच्या दरबारात असाल. अ‍ॅन्सेल्म म्हणाला, त्याची तशी इच्छा असेल तर माझी ना नाही. पण आत्मा कुठून येतो हा प्रश्न मी मनात घोळवतोय. तो सुटेपर्यंत त्याने मला तुमच्यात ठेवलं तर बरं होईल, कारण मी गेल्यावर तो कुणी सोडवील की नाही, मला ठाऊक नाही. थोडं अन्न पोटात ठरलं तर अजून उभा राहीन असं वाटतं.

अन्न ठरलं नाही. तीन दिवसांनी, २१ एप्रिलच्या पहाटे, तो गेला.